बंद घर कुणाच्या भरवशावर?

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की दूधगंगेच्या दोन्ही काठांवरच्या गावांतून सौंदत्तीकडे गाड्या सुटतात. माघात चिंचलीची मायाक्का, चैत्रात जोतिबा, अमावास्येला आदमापूर, आणि शाळांना सुट्टी लागली की तिरुपती, गोवा, कोकण. कोगनोळीत घराला कुलूप लागायला वर्षभर निमित्तं असतात. पूर्वीही माणसं देवाला जायची, पण अख्खं घर क्वचितच जायचं. गोठ्यात म्हैस असली की दोन्ही वेळच्या धारेला माणूस मागं राहावं लागे. घरातली म्हातारी म्हणायची, ‘तुम्ही या जाऊन, मी हाय की घरात.’ आता कितीतरी गोठ्यांच्या जागी चारचाकी उभी असते, मुलं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत किंवा पुण्यात नोकरीला असतात, आणि चार दिवसांच्या सहलीला निघालं की घर खरोखरच रिकामं पडतं.

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी तालुक्याचं हे गाव पुणे–बंगळूर महामार्गाला लागून आहे. टोलनाक्यामुळे आणि कोविडच्या काळातल्या तपासणी नाक्यामुळे त्याचं नाव दोन्ही राज्यांना माहीत झालं. दूधगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र. महामार्गाने गावाला व्यवसाय दिला, जमिनीला भाव दिला. पण रात्री दोन वाजता रस्त्याकडेला थांबलेली परगावची गाडी इथं कुणाला वेगळी वाटत नाही, आणि चोरट्याला राज्याची हद्द ओलांडायला काही मिनिटं पुरतात. शिवाय घरं गावठाणातून बाहेर पडली. गावठाणात भिंतीला भिंत असायची, शेजारच्या सोप्यावरचं बोलणं आपल्या माजघरात ऐकू यायचं. शेतातल्या किंवा रस्त्याकडेच्या बंगल्याला चारही बाजूंनी मोकळी जागा आणि पुरुषभर उंचीचं कंपाउंड असतं. त्या कंपाउंडच्या आत उतरलेल्या माणसाला ते कंपाउंडच आडोसा देतं.

बंद घराची राखण ही आपल्याकडे फार जुनी आणि फार नेमकी व्यवस्था होती. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचं काम तपशिलाने आलं आहे. गावात कोण आलं, कोण गेलं, कुणाची चालचलणूक कशी आहे, याची खबर त्याने ठेवायची. चोरी झाली तर चोर शोधणं त्याच्यावर बंधनकारक. पावलांचा माग काढत तो शिवेपर्यंत जायचा, आणि माग पुढच्या गावच्या हद्दीत गेला की तिथल्या जागल्याच्या हवाली करायचा. चोर सापडला नाही तर ऐपतीप्रमाणे त्याने भरपाई द्यायची आणि उरलेली रक्कम गावावर बसायची. आपल्या सीमाभागात हे काम तळवारांकडे होतं, इतरत्र रामोशी, महार, भिल्ल यांच्याकडे. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, वेठ होती, आणि ती गेली हे चांगलंच झालं. पण तिच्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गावात राखण कुणाची, याचं उत्तर एका माणसाच्या नावाने देता येत होतं.

आज ते उत्तर देता येत नाही. कर्नाटकात १९६१ च्या कायद्याने वंशपरंपरागत ग्रामवतनं संपली, त्यात पाटीलकीही गेली. महाराष्ट्राने १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील नेमायला सुरुवात केली. त्यामुळे नदीच्या पलीकडे गावोगावी पोलीस पाटील भेटतो. अलीकडे आपल्याला थेट ठाण्याशी बोलावं लागतं. आणि आपण काय करतो? गाडीत बसताना समोर जो दिसेल त्याला सांगतो, ‘घराकडं जरा लक्ष असू दे.’ तिघांना असं सांगितलं की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे दोघं बघतायत.

म्हणून निघण्याआधी एका माणसाला, त्याच्या घरी जाऊन, नेमकं काम सांगावं. ‘आक्का, सोमवारी रात्री निघतोय, शुक्रवारी सकाळी परत. फाटकाची किल्ली तुमच्याकडं. दिवेलागणीला पुढचा दिवा लावा, सकाळी घालवा. परड्याचं दार तेवढं हलवून बघा. काही वाटलं तर आधी आत जाऊ नका, फोन करा.’ एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात. आक्का घरात नसतील त्या दिवशी कोण, हेही त्याच वेळी ठरवायचं. आणि पुढच्या महिन्यात आक्का लेकीकडे गेल्या की आपण त्यांच्या दारात जायचं. मोबदल्याशिवाय चालणारी राखण परतफेडीवरच टिकते.

आक्कांना सांगायच्या गोष्टींत सडा-रांगोळी विसरू नये. आपल्या भागात सकाळी दारात सडा नसला की घरात कुणी नाही हे रस्त्याने जाणाऱ्याला न विचारता कळतं. दूध, पेपर बंद करायला आपल्याला सुचतं, अंगण मात्र राहून जातं. कुणी तुमच्या दारात पाणी शिंपडून चार रेघा ओढल्या तर ती खूण पुसली जाते आणि त्या निमित्ताने रोज सकाळी कुणीतरी दारापर्यंत येतं. दिव्याचं तसंच. दिवसरात्र जळणारा बाहेरचा बल्ब दुपारी बारा वाजता घर बंद असल्याचं सांगतो. माणूस मिळत नसेल तर विजेच्या दुकानात टायमरचा प्लग मिळतो, तो आतल्या खोलीच्या दिव्याला लावावा, म्हणजे खिडकीतून उजेड दिसेल आणि रात्री विझेल.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावात कर्कहोल्ट नावाची सरकारी घरांची मोठी वसाहत आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यात तिथं घरफोड्यांनी लोक हैराण झाले होते. पोलीस आणि संशोधकांनी चोरी झालेल्या घरांतले लोक, त्यांचे शेजारी आणि पकडलेले चोर, तिघांशीही बोलून माहिती काढली. मग चोरी झालेल्या घराभोवतीच्या साधारण सहा घरांचा गट केला आणि त्या घराकडे लक्ष ठेवण्याचं काम त्याच सहा घरांना दिलं. संबंध वसाहतीला सावध राहा म्हणून सांगण्यापेक्षा हे वेगळं होतं, कारण सहा जणांत कुणी अंग काढून घेतलं तर ते लगेच कळतं. त्याचबरोबर आणखी एक काम केलं. तिथल्या घरांत नाणी टाकून चालणारे वीज आणि गॅसचे मीटर होते, त्यात रोकड साठायची आणि चोर मीटर फोडायचे. ते मीटर काढून टाकले. तीन वर्षांत तिथल्या घरफोड्या तीन-चतुर्थांशाने कमी झाल्या. शेजाऱ्यांना नेमून दिलेलं काम आणि घरातून हलवलेली रोकड, या दोन गोष्टींचा त्यात वाटा होता, आणि दोन्ही कोगनोळीत करता येण्यासारख्या आहेत.

आता आपल्याकडच्या मीटरकडे वळू. तो म्हणजे तिजोरी. आपल्या भागात लोखंडी कपाटालाच तिजोरी म्हणतात, आणि ते नाव लोक खरं धरून चालतात. पातळ पत्र्याचं ते कपाट, आतल्या चोरकप्प्यासकट, कटावणीपुढे फार वेळ टिकत नाही. घरात शिरलेला माणूस सगळ्यात आधी तिकडेच जातो, नंतर गाद्या उलथतो, देवघर बघतो, तांदळाचे डबे ओततो. या सगळ्या जागा आपल्याला जितक्या ठाऊक आहेत तितक्याच त्यालाही. साज, बोरमाळ, पुतळ्या, पाटल्या हे लग्नकार्याला लागणारं सोनं चार दिवसांच्या यात्रेसाठी घरात कुलूपबंद ठेवण्यासारखा धोका दुसरा नाही. ते बँकेच्या लॉकरमध्ये असावं.

लॉकरबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये नवे नियम काढले आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. बँकेच्या हलगर्जीपणामुळे आग, चोरी, दरोडा झाला किंवा इमारत पडली, अथवा बँकेच्या कर्मचाऱ्यानेच फसवणूक केली, तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत भरपाई द्यावी लागते. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. सोन्याच्या आजच्या भावात ही रक्कम थोडी आहे, हे खरं. पण लॉकर उघडला की मोबाइलवर संदेश येतो, स्ट्राँगरूमच्या ये-जा करण्याच्या जागेचं चित्रण किमान १८० दिवस जपावं लागतं, आणि तिथं रात्री एकटं कुणी शिरू शकत नाही. घरच्या कपाटाशी त्याची तुलनाच होत नाही.

सोनं कुठंही असो, त्याची ओळख कागदावर हवी. प्रत्येक दागिना वेगवेगळा ठेवून मोबाइलने फोटो काढावा, वजन लिहावं, पावती जोडावी. १ एप्रिल २०२३ पासून दुकानातून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरांचा-अंकांचा एक क्रमांक असतो, तो प्रत्येक नगाचा वेगळा. भिंगाखाली वाचून तो टिपून ठेवावा. चोरीचा दागिना आटवला तर क्रमांकही जातो, पण तो तसाच हस्तगत झाला तर हा दागिना आमचाच, हे सांगायला त्याहून चांगला पुरावा नाही. आजीच्या काळच्या नगांवर असा क्रमांक नसतो. त्यांचे फोटो तर काढायलाच हवेत.

वर्तमानपत्रातली घरफोडीची बातमी ‘कडी-कोयंडा उचकटून’ या शब्दांशिवाय क्वचितच येते. घरमालक हजार रुपयांचं कुलूप आणतो आणि ते अडकवतो चार छोट्या स्क्रूंवर बसवलेल्या कोयंड्यात. कटावणी कुलपाला लावतच नाहीत, कोयंड्याखाली घालून दाबतात, आणि जुन्या लाकडातून स्क्रू निघून येतात. त्यामुळे खर्च करायचाच तर आधी कोयंड्यावर करावा. तो दाराच्या आरपार जाणाऱ्या नटबोल्टने बसवावा, नट आतल्या बाजूला. त्याहून चांगलं म्हणजे दारातच बसवलेलं कुलूप. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला तेव्हापासून या देशात चांगल्या कुलपांची वाण नाही. दारात बसवलेल्या कुलपाचा दुसरा फायदा असा की ते बाहेरून लोंबत नाही. घरात माणूस आहे की नाही, हे दाराकडे बघून समजत नाही.

पण पुढच्या दारापेक्षा परड्याच्या दाराची मला जास्त काळजी वाटते. पुढचं दार सागवानी, पितळी नक्षीचं असतं, आणि मागं, न्हाणीघराच्या बाजूला, फळ्यांचं किंवा पत्र्याचं दार एका कडीवर असतं. तिथं काम करणाऱ्याला कुणी बघत नाही. जुन्या वाड्यांत दाराच्या आतून भिंतीत सरकणारा जाड लाकडी अडणा असायचा. बाहेरून धक्के देऊन तो हलत नसे. आज लोखंडी पट्टीचा अडणा वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही बाजूंना हुक बसवून करून घेता येतो, आणि मागच्या दारासाठी त्याहून स्वस्त आणि मजबूत काही नाही. आतून अडणा घालायचा आणि पुढच्या दाराने बाहेर पडायचं. कौलारू घर असेल तर कौलं सरकवून उतरता येतं, म्हणून आतून जाळी ठोकावी. स्लॅबचं घर असेल तर जिन्याचं दार तपासावं. गच्चीवर पोचायला शिडी, पाण्याचा पाइप किंवा भिंतीला टेकलेलं झाड पुरतं. शिडी अंगणात सोडून जाऊ नये, पहार आणि कुदळ तर नाहीच.

नेदरलँड्सने १९९९ मध्ये बांधकामाच्या नियमांत बदल करून नव्या घरांची दारं-खिडक्या फोडायला कठीण असणं सक्तीचं केलं. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब केला, तेव्हा त्या नव्या घरांत घरफोडीचं प्रमाण सुमारे चौथ्या हिश्शाने कमी झालेलं आढळलं. दार अभेद्य करण्याची गरज नसते. ते उघडायला इतका वेळ लागावा आणि इतका आवाज व्हावा, की आक्कांच्या घरात दिवा लागेल.

कॅमेरे आता दोन-अडीच हजारांत मिळतात आणि बरेच जण ते बसवून निर्धास्त होतात. कॅमेरा उपयोगी आहे, पण त्याच्या मर्यादा ओळखून. हेस्कॉमची वीज गेली की वायफाय जातं, म्हणून राऊटर इन्व्हर्टरवर असावा. चित्रण साठवणारी पेटी टीव्हीखाली ठेवली तर चोर तीच उचलून नेतात. ती माळ्यावर किंवा कुलूपबंद कप्प्यात असावी, किंवा चित्रण इंटरनेटवर साठवलं जावं. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. आणि मोबाइलवर येणारा इशारा पाहणार कोण? तिरुमलाच्या मंदिरात मोबाइल नेता येत नाही, दर्शनाच्या रांगेत कित्येक तास जातात. घरात रात्री हालचाल झाली आणि तुमचा फोन तिथल्या काउंटरवर जमा असेल, तर तो इशारा वाया गेला. म्हणून कॅमेऱ्याचं ॲप गावातल्या एका विश्वासू माणसाच्या फोनवरही चालू करून द्यावं. शेवटी तिथंही एक नेमलेला माणूसच लागतो.

निघताना स्टेटसला फोटो टाकू नये, हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरी टाकले जातात. घरातल्या तरुणांना रागावून ते थांबत नाही. परत आल्यावर एकत्र बसून सगळे फोटो टाकू, असं आधीच ठरवलं तर मुलं ऐकतात. दिवसांचा हिशेब फक्त दोन ठिकाणी द्यावा, शेजारी आणि पोलीस. निपाणी ग्रामीण ठाण्यात नाव, पत्ता, जाण्याच्या-येण्याच्या तारखा आणि किल्ली कुणाकडे आहे ते लिहून द्यावं, म्हणजे रात्रीच्या गस्तीला तुमची गल्ली ठाऊक असेल. आंध्र आणि केरळच्या पोलिसांनी बंद घराची नोंद मोबाइल ॲपवर करण्याची सोय काढली आहे. आपल्याकडे कागदावर दिलेली माहितीही पुरेशी उपयोगी पडते.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि रस्ता बंद झाला. सहलीला गेलेला माणूस ठरलेल्या दिवशी परत येईलच असं या भागात पावसाळ्यात सांगता येत नाही. किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला वरच्या मजल्यावर काय हलवायचं, मुख्य स्विच कुठे आहे, सिलिंडर कसा बंद करायचा, हेही माहीत असावं.

इतकं करूनही घर फुटलंच, तर पहिली गोष्ट आत न जाणं. उचकटलेलं दार दिसलं की हात न लावता ११२ ला फोन करावा. काय काय गेलं ते बघायला घरातली सगळी मंडळी आत धावतात आणि ठशांचा, श्वानपथकाचा उपयोग संपतो. मग फिर्याद. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतल्या ४५७, ३८० कलमांच्या जागी भारतीय न्याय संहितेची ३३१ आणि ३०५ ही कलमं आली. रात्री घर फोडून चोरी करण्याला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सीमाभागासाठी खरी महत्त्वाची तरतूद मात्र नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची आहे. कोगनोळीत घर फुटल्याचं तुम्हाला कोल्हापुरात किंवा पुण्यात कळलं, तर तिथल्या ठाण्यातही ते नोंदवता येतं. इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवलं तर तीन दिवसांत सही करावी लागते. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेतल्यावर फिर्यादीला वाचून दाखवली पाहिजे आणि तिची प्रत फुकट मिळाली पाहिजे. निपाणी भागात ही फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते आणि कित्येक फिर्यादींना कन्नड वाचता येत नाही. अशा वेळी वाचून दाखवा आणि मराठीत समजावून सांगा, असं नम्रपणे पण ठामपणे म्हणावं. दागिन्यांची यादी आणि वजनं बरोबर उतरली आहेत का, हे सही करण्याआधी पाहावं, कारण पुढे तीच यादी कोर्टात जाते.

त्याच फिर्यादीत संशयिताचं नाव विचारलं जातं, आणि इथं फार जपायला हवं. ऊसतोडीला आलेली टोळी, पालं ठोकून राहिलेली माणसं, रस्त्यावर वस्तू विकणारे यांच्याकडे बोट दाखवणं सोपं असतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय मात्र गेला नाही. बेळगावजवळच्या यमनापूरच्या भीमराव गस्ती यांचं ‘बेरड’ हे आत्मकथन आपल्याच जिल्ह्यातलं आहे. चोरी कुठेही झाली की पोलीस कुणाच्या वस्तीत शिरत आणि त्या वस्तीतल्या बायकामुलांचं काय होई, हे त्यातून कळतं. पुराव्याशिवाय घेतलेल्या एका नावाने एखाद्या घराचा संसार मोडू शकतो. माहीत असेल तेच सांगावं.

विम्याबद्दल गैरसमज बराच आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी आग, पूर, वीज अशा आपत्तींसाठी आहे. साध्या घरफोडीची भरपाई तिच्यात मिळत नाही, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ते घेतानाही घर सलग किती दिवस बंद राहिलं तर चालेल, आणि दागिन्यांची नोंद वेगळी करायची का, ही दोन कलमं वाचून घ्यावीत.

चोर पकडला गेला आणि सोनं मिळालं, तरी ते ठाण्याच्या मुद्देमालात वर्षानुवर्षं पडून राहील अशी भीती लोकांना असते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलं, की दागिन्यांचा पंचनामा करून, फोटो काढून, बंधपत्र घेऊन ते मालकाला लवकर परत द्यावेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९७ व्या कलमात आता त्याला मुदती घातल्या आहेत. मुद्देमाल कोर्टापुढे आल्यावर चौदा दिवसांत त्याचं वर्णन तयार व्हायचं, फोटो आणि चित्रण व्हायचं, आणि त्यानंतर तीस दिवसांत त्याचं काय करायचं याचा आदेश. त्यासाठी अर्ज आपणच वकिलामार्फत करायचा असतो. पावत्या आणि फोटो त्या दिवशी हाताशी असले पाहिजेत.

कर्कहोल्टच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली होती. एकदा फुटलेलं घर पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा फुटण्याची शक्यता इतर घरांपेक्षा जास्त असते. वाट माहीत झालेली असते, दार कमजोर झालेलं असतं, आणि काय उरलं हेही दिसलेलं असतं. त्यामुळे पंचनामा संपला त्याच दिवशी सुताराला आणि वेल्डिंगवाल्याला बोलवावं, मोडलेला कोयंडा तिथंच परत ठोकून घेऊ नये, आणि शेजारच्या दोन्ही घरांच्या परड्याची दारं आपल्याबरोबर तपासून घ्यावीत.